नरकातली झुळूक

दिवाळीच्या अंकासाठी मृत्यूविषयी, आणि त्यातून युद्धातल्या मृत्यूविषयी लिहावयास घेतले, तेव्हा पहिली हरकत घरातूनच आली. "सणासुदीला हे काय काढलंस, बाई?" असे सासूबाई म्हणाल्या. हरकत रास्त होती. पण ती घेताना त्या एक गोष्ट विसरल्या. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा करून, तो दाराबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवण्याचे काम आमच्या घरी त्यांच्याकडेच असते. तो दिवा यमासाठी असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हां मुलांना अंथरुणातून ओढून काढताना आमची आजी सांगे, "आज आंघोळीला उशीर केलास तर नरकात जाशील." आणि सणाचा शेवट होतो तो भाऊबिजेने, म्हणजे यमद्वितीयेने. यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला तो हा दिवस. फराळाच्या ताटाभोवती, फटाक्यांच्या आवाजात, यमराज असा चार दिवस आपल्या अंगणात वावरत असतो. तेव्हा याच दिवसांत त्याच्या राज्याविषयी थोडे बोललो, तर सणाचा विरस होऊ नये.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. आमच्या सातारा भागात सैन्यात गेलेला माणूस नाही असे घर शोधावे लागते, त्यामुळे नायक शिपाईच होता. शेवटच्या प्रकरणात तो सीमेवर मारला जातो. पुढे काय लिहावे ते मला सुचेना. त्याच्या आईचा आक्रोश लिहावयास बसले, तो दोनदा फाडला. अखेर मी एक सोपी वाट काढली. शेवटच्या पानावर तो शिपाई एका प्रकाशमय प्रदेशात उभा आहे, वेदना नाहीत, तहान नाही, खाली आपले गाव चिमुकले दिसते आहे आणि तो प्रसन्न हसतो आहे, असे वर्णन मी केले. अनेकांनी या पानाची स्तुती केली. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते वाचूनही दाखवले गेले.

मग एके दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीची आजी शाळेत आली. तिचा एक मुलगा सैन्यात असताना गेलेला. ती म्हणाली, "बाई, पोरीनं तुमचं पुस्तक वाचून दाखिवलं. समदं खरं वाटलं. पर शेवटाला त्यो सर्गात सुखी हाय म्हनून लिवलंय, त्ये न्हाई पटलं. आयला सोडून गेलाय, आन् सुखी असंल व्हय?"

मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. काहीतरी सारवासारव केली असेल. पण त्या प्रश्नाने माझ्या शेवटच्या पानाचा पार निकाल लावला. मी ज्याला आशा समजत होते, ती त्या माऊलीला मुलाने केलेली विस्मृती वाटली. तेव्हापासून युद्धाविषयीची आणि मरणोत्तर लोकाविषयीची कथा हाती आली की मी एकच गोष्ट पाहते. इथे आशा म्हणून जे दिले आहे ते नक्की कोणाला दिले आहे? मेलेल्याला, मागे राहिलेल्याला, की लेखकाच्या थकलेल्या मनाला?

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर विचार मला महाभारतात सापडला. आपण महाभारत लहानपणापासून ऐकत असल्यामुळे त्यातील युद्धानंतरची पर्वे घाईने उलटतो. दुर्योधन पडला की कथा संपली, असा आपला समज असतो. वास्तविक व्यासांची खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. युद्ध रंगवणे त्या मानाने सोपे. मेलेल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न अवघड.

स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला दोन गोष्टी विचारतो. किती मेले? आणि मेलेले कोठे गेले? युधिष्ठिर दोन्हींची उत्तरे देतो. जे आनंदाने देह टाकून लढले, ते इंद्रलोकी गेले. मरायचेच आहे म्हणून उदास मनाने लढले, ते गंधर्वांत मिळाले. जे पाठ फिरवून, जिवाची भीक मागत असता मारले गेले, ते गुह्यकांकडे गेले. हे उत्तर वाचताना मला नेहमी सरकारी कचेरीतल्या नोंदवहीची आठवण होते. रकाने आखलेले आहेत, प्रत्येक मृताला एक रकाना मिळाला आहे, आणि एकही रकाना दुःखाचा नाही. नुकताच जिंकलेला राजा दुसरे काय सांगणार? युद्धापूर्वी अर्जुनालाही हेच सांगण्यात आले होते, की मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. त्या हमीचीच ही पूर्तता आहे.

पण व्यास एवढ्यावर थांबत नाहीत. ज्यांना कोणी नातलग उरला नाही, अशांचेही दहन होते; सारे गंगेवर पाणी द्यायला जातात; हिशेब पुरा होतो. आणि तेथे, त्या काठावर, कुंती तोंड उघडते. कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला भाऊ होता. त्या एका वाक्याने युधिष्ठिराची सारी नोंदवही विस्कटते. मेलेले कोठे गेले हे ज्याने आताच खात्रीने सांगितले, त्याला आपण कोणाला मारले हेच ठाऊक नव्हते. युद्धकथेतील निराशा म्हणतात ती ही. प्रेतांचे वर्णन वाचून अंगावर काटा येतो, पण तो काटा जातो. कुंतीचे वाक्य जात नाही.

हीच गोष्ट ग्रीकांच्या बाजूने कशी दिसते, हे पाहण्यासारखे आहे. होमरच्या ओडिसीतील अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकाच्या कडेशी जातो. ट्रॉयचे युद्ध संपलेले आहे, तो घरी परतू पाहतो आहे आणि पुढची वाट त्याला एका मृत द्रष्ट्याकडून हवी आहे. तो खड्डा खणतो, त्यात मेंढ्यांचे रक्त ओततो, आणि छाया गोळा होतात. रक्त प्यायल्यावाचून त्यांना बोलता येत नाही. त्या गर्दीत त्याला आपली आई दिसते. तो निघाला तेव्हा ती जिवंत होती. ती मेल्याचे त्याला येथे समजते. तुझ्याच ध्यासाने मी मेले, असे ती सांगते. तो तिला तीनदा कवटाळावयास जातो आणि तीनदा ती स्वप्नासारखी हातांतून निसटते.

मग अकिलीझ भेटतो. ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर. अल्पायुष्य आणि अमर कीर्ती यांचा सौदा ज्याने केला तो. ओडिसियस त्याची स्तुती करतो: तू जिवंतपणी देवासारखा होतास, येथेही मृतांचा राजा आहेस. अकिलीझ त्याला तेथेच थांबवतो. मेलेल्यांचे राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरीब, भूमिहीन माणसाच्या शेतावर मजुरी केलेली बरी, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ आहे. युद्धात मिळणाऱ्या कीर्तीवर याहून मोठा आघात कोणा आधुनिक युद्धविरोधी लेखकाने केला असेल, असे मला वाटत नाही. आणि तो आघात वीरांच्या तोंडून, वीरकाव्यातच होतो.

परंतु होमर येथे थांबत नाही, आणि पुढील चार ओळींवर आमचे टीकाकार सहसा फारसे थांबत नाहीत. अकिलीझ विचारतो, "माझ्या मुलाचे काय? माझ्या म्हाताऱ्या बापाचे काय?" बापाची बातमी ओडिसियसपाशी नसते; मुलाची असते. तो सांगतो, की तुझा मुलगा ट्रॉयच्या लढाईत मोठा पराक्रमी ठरला. हे ऐकताच अकिलीझची छाया फुलांच्या कुरणातून लांब ढांगा टाकीत आनंदाने निघून जाते. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बरे वाटले. बापाला मुलाची आठवण आहे, म्हणजे मृत्यूपलीकडेही माया आहे! दुसऱ्यांदा वाचले तेव्हा मात्र पोटात गोळा आला. ज्याने आताच कीर्तीला लाथाडले, तोच मुलाच्या कीर्तीने हरखतो. बापाने ज्या व्यवहारात सर्वस्व घालवले, त्याच व्यवहारात मुलगा शिरला, याचा त्याला आनंद होतो. होमरने आशेत निराशा अशी कालवली आहे, की वेगळी काढता येत नाही. आणि जवळच एजॅक्सची छाया उभी असते. ओडिसियसशी असलेले भांडण तो मरणानंतरही विसरलेला नाही. ओडिसियस विनवतो, आणि तो एक शब्दही न बोलता अंधारात निघून जातो. ग्रीकांच्या त्या लोकात माया टिकते तसे वैरही टिकते.

आता पुन्हा व्यासांकडे वळू. युद्धाला सोळा वर्षे झाली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहावयास गेली आहेत आणि पांडव त्यांना भेटावयास आलेले आहेत. गांधारी व्यासांना म्हणते, की या राजाला इतक्या वर्षांत मुलांच्या शोकातून शांती नाही. तेव्हा व्यास भागीरथीच्या पाण्यात उतरून मृतांना हाक मारतात आणि रात्री नदीतून दोन्ही सैन्ये वर येतात. दुर्योधन येतो, कर्ण येतो, अभिमन्यू येतो, द्रौपदीची पाच मुले येतात. आंधळ्या धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दिव्य दृष्टी मिळते. ज्या मुलांना बापाने जन्मात पाहिले नव्हते, त्यांना तो मेल्यावर पाहतो. वैर कोणाच्याच मनात उरलेले नसते. आणि पहाट होताच सारे परत पाण्यात जातात. ज्या विधवांना पतीच्या लोकी जावयाचे होते, त्याही नदीत उतरतात.

आश्रमवासिकपर्वातील हा प्रसंग मला सर्व जगाच्या वाङ्मयात अद्वितीय वाटतो. आणि तरीही मी त्याला पूर्ण आशेचा प्रसंग म्हणणार नाही. ती एक रात्र आहे. त्या रात्रीने धृतराष्ट्राचे मन शांत होते हे खरे. पण नदीत उतरलेल्या त्या स्त्रियांचा विचार मनातून जात नाही. मेलेल्यांचे दर्शन जिवंतांना जगण्याकडे परत आणते की मृत्यूकडे ओढून नेते? व्यास दोन्ही घडलेले दाखवतात आणि निवाडा करीत नाहीत. माझ्या शिपायाला मी जो प्रकाशमय प्रदेश दिला होता, त्याला निदान हा एक प्रश्न विचारावयास हवा होता.

आणि मग शेवटचे पर्व येते. युद्धाला छत्तीस वर्षे लोटून गेली आहेत. युधिष्ठिर सदेह स्वर्गात पोहोचतो आणि तेथे त्याला कोण दिसावे? सिंहासनावर तेजाने तळपणारा दुर्योधन! आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हमखास चिडतात. "बाई, हे चीटिंग आहे," असे एक मुलगा उठून म्हणाला होता. युधिष्ठिरही चिडतो. पण त्याच्या रागाच्या पाठोपाठ जो प्रश्न येतो तो मुलांच्या ध्यानात येत नाही. माझे भाऊ कोठे आहेत? द्रौपदी कोठे आहे? आणि कर्ण? कर्णाचे नाव तो विसरत नाही. स्त्रीपर्वातील ज्या नावाने त्याची नोंदवही चुकली होती, ते नाव तो छत्तीस वर्षे मनात वागवीत आला आहे. माझी माणसे जेथे आहेत तोच माझा स्वर्ग, असे तो देवांना सांगतो.

देवदूत त्याला एका वाटेने नेतो. अंधार, दुर्गंधी, रक्तमांसाचा चिखल, उकळत्या पाण्याची नदी, तलवारीच्या पात्यांसारख्या पानांचे रान. हे सारे आपण रणांगणाच्या वर्णनात आधी वाचलेले आहे! व्यासांचा नरक म्हणजे दुसरे काही नसून कुरुक्षेत्रच आहे, असे मला वाटते. दुर्गंधी असह्य होऊन युधिष्ठिर माघारी वळतो. तोच अंधारातून आवाज येतात: जरा थांब, तू आलास आणि एक थंड झुळूक आली, तू उभा आहेस तोवर आम्हांला बरे वाटते. तुम्ही कोण, असे तो विचारतो. मी कर्ण. मी भीम. मी अर्जुन. मी द्रौपदी. एकेक नाव अंधारातून येते.

तेव्हा युधिष्ठिर देवदूताला सांगतो, की तू जा. मी येथेच राहतो.

माझ्या मते युद्धाविषयीच्या सर्व कथावाङ्मयातील आशेचा हा उगम आहे. आणि ही आशा स्वर्गाच्या वर्णनातून आलेली नाही, हे लक्षात घ्यावे. स्वर्गाकडे पाठ फिरवून ती आलेली आहे. युधिष्ठिर कोणाला सोडवू शकत नाही, नरक बंद करू शकत नाही, केलेले युद्ध पुसू शकत नाही. त्याच्यापाशी देण्यासारखे एवढेच आहे, की तो तेथे उभा राहील आणि त्यामुळे थोडा वारा लागेल. तेवढे तो देतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोडून न काढता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लगेच पुढे इंद्र येतो, नरक अदृश्य होतो, आणि हे सारे मायेचे होते, तुझी परीक्षा होती, द्रोणाला फसवल्याबद्दल तुला एवढे पाहावे लागले, असे सांगितले जाते. मग त्या निर्णयाची किंमत काय उरली? मी उलट विचारते. युधिष्ठिराला ती माया आहे हे ठाऊक होते काय? त्याने नरकात राहण्याचा निर्णय घेतला तो खऱ्या नरकात राहण्याचा. पुढे देवांनी काहीही उलगडा केला, तरी त्या क्षणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मला तर पुढचे स्वर्गाचे वर्णन वाचताना, माझ्यासारखेच व्यासांनाही शेवटचे पान सजवावे लागले असेल काय, अशी शंका येते. फरक इतकाच, की त्यांनी आधीचे पान लिहिलेले होते.

येथवर आपण ज्या काळात होतो त्या काळी परलोकावर सर्वांचा विश्वास होता. विसाव्या शतकात तो ढासळला, आणि ढासळण्यास युद्धच मोठे कारण झाले. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरील कादंबरी 1929 साली पुस्तकरूपाने आली. इंग्रजीत ती 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या नावाने प्रसिद्ध आहे. 1933 मध्ये नाझींनी ती जाळली. तीत स्वर्ग नाही, नरक खंदकातच आहे. नायक पाउल हा शाळेच्या बाकावरून सरळ युद्धात गेलेला मुलगा. एका खड्ड्यात तो एका फ्रेंच शिपायाला सुरा खुपसतो, आणि तो मरेपर्यंत त्याला त्याच्याजवळच पडून राहावे लागते. तो त्या माणसाला पाणी पाजतो, जखमा बांधतो. मेल्यावर त्याचे पाकीट पाहतो: बायकोचा व मुलीचा फोटो, आणि नाव. तो माणूस छापखान्यात काम करणारा होता. पाउल त्या मृताला वचन देतो, की जगलो तर तुझ्या माणसांसाठी काहीतरी करीन, हे युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून लढेन.

पुढे काय होते? तो आपल्या खंदकात परत येतो, सोबती त्याची समजूत घालतात, आणि वचन विरून जाते. युद्ध हे युद्धच असते, असे तो स्वतःलाच सांगतो. मला त्या कादंबरीतील सर्वांत निराश जागा नायकाच्या मृत्यूची वाटत नाही, ही वाटते. नरकात कोणी तरी हाक मारली, हा माणूस क्षणभर थांबला, आणि मग देवदूताबरोबर निघून गेला. रेमार्क त्याला दोष देत नाही. युद्धात टिकावयाचे तर असेच व्हावे लागते, हे तो दाखवतो. परलोक असो वा नसो, निराशा कशाने येते हे येथे कळते. मेलेल्याशी जडलेले नाते तुटले की ती येते.

असे वाटले होते, की रेमार्कनंतर गंभीर लेखक परलोकाच्या वाटेला जाणार नाहीत. पण आपल्या या शतकात ते पुन्हा तिकडे वळले आहेत. दोन कादंबऱ्यांचा उल्लेख करते. कोश हाताशी घेऊन सावकाश वाचल्या, आणि श्रम वाया गेले नाहीत.

पहिली जॉर्ज सॉन्डर्स या अमेरिकन लेखकाची, 'लिंकन इन द बार्डो'. तिला 2017 सालचे बुकर पारितोषिक मिळाले. 'बार्डो' हा तिबेटी बौद्धांचा शब्द. एक जन्म संपला आणि दुसरा सुरू झाला नाही, अशी मधली अवस्था. फेब्रुवारी 1862 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना अध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली विषमज्वराने वारला. ही इतिहासातील गोष्ट. एका रात्री लिंकन एकटेच स्मशानात परत येतात आणि मुलाचे शव मांडीवर घेऊन बसतात, येथून कादंबरी उभी राहते. स्मशानात जे मृत आहेत, त्यांना आपण मेलो आहोत हेच कबूल नाही. आपण आजारी आहोत, बरे होऊन घरी जाणार आहोत, अशी ते एकमेकांची समजूत घालीत बसले आहेत. म्हणजे आशा तेथे भरपूर आहे. पण ती खोटी आहे, आणि तिनेच त्यांना अडकवून ठेवले आहे!

त्यांची सुटका कशी होते? विली बापाच्या देहात शिरतो, बापाच्या मनातले जाणतो आणि बाहेर येऊन सर्वांना खरे सांगतो: आपण आजारी नाही, आपण मेलो आहोत. एक लहान मूल हे बोलते, आणि मोठी माणसे एकेक करून मुक्त होतात. खोटी आशा गेल्यावर खरी वाट मिळते. लिंकनच्या बाबतीत मात्र सॉन्डर्सने आपल्याला स्वस्थ बसू दिलेले नाही. माझ्यासारखेच दुःख देशभरातील बापांना आहे, असे त्यांना कळते. पण त्या कळण्यातून युद्ध थांबवण्याचा विचार निघत नाही. ते लवकर संपावे म्हणून अधिक निकराने लढावे, असा निघतो. त्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली, असे मानले जाते. आणि गुलामगिरीही त्याच युद्धाने संपली. करुणेतून क्रौर्य निघू शकते हे कबूल करून, तरीही करुणेला सोडावयाचे नाही, अशा अवघड जागी लेखक आपल्याला आणून उभे करतो.

दुसरी कादंबरी आपल्या शेजारची, श्रीलंकेची. शेहान करुणतिलक यांच्या 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' या कादंबरीला 2022 चे बुकर मिळाले. काळ 1990 चा, ठिकाण कोलंबो. माली हा युद्धाची छायाचित्रे काढणारा माणूस मरण पावला आहे आणि डोळे उघडतो तो एका कचेरीत! रांगा आहेत, अर्ज आहेत, कर्मचारी वैतागलेले आहेत. यमलोकातही कारकून असतात हे वाचून मी मोठ्याने हसले. आणि मग स्त्रीपर्वातल्या त्या रकान्यांची आठवण होऊन हसू आवरले. त्याला सात रात्रींची मुदत आहे. तेवढ्यात प्रकाशाकडे निघून जायचे, नाही तर भटकत राहायचे. एकीकडे त्याला प्रकाशाकडे नेऊ पाहणारी एक मृत प्राध्यापिका आहे. दुसरीकडे मारेकऱ्यांचा सूड घेऊ या म्हणणारे एक पिशाच. आणि त्याचे स्वतःचे काम राहिलेच आहे. पलंगाखालच्या एका खोक्यात त्याने काढलेली छायाचित्रे आहेत; त्यांत 1983 च्या तमिळविरोधी हत्याकांडाचीही आहेत. ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचली, लोकांनी पाहिली, की युद्ध थांबेल, अशी त्याची आशा आहे.

छायाचित्रे पाहून युद्ध थांबत नाही. इतिहासातही ते 2009 पर्यंत चालले. मालीची मोठी आशा फोल ठरते. परंतु जिवंत मैत्रिणीवर संकट येते तेव्हा हा आयुष्यभर सुटून पळणारा, जुगारी, अविश्वासू माणूस आपल्या सुटकेचा विचार बाजूला सारतो. कादंबरी विनोदी आहे, बेफाम आहे, काही ठिकाणी ती कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाही. तरी तिच्या गाभ्याशी मला युधिष्ठिरच भेटला. प्रकाश समोर असताना अंधारातल्या हाकेसाठी थांबणे, हेच येथेही आहे. करुणतिलकांनी हे जाणून केले की नाही, मला सांगता येणार नाही. तशी आवश्यकताही नाही.

कोणी म्हणेल, की हा तर बोधाचा मापदंड झाला. ज्या पुस्तकात परोपकार आहे ते चांगले, असे बाई म्हणत आहेत. तसे नाही. वाङ्मयात परोपकाराची खोटी वर्णने भरपूर आहेत, आणि ती माझ्या शेवटच्या पानाइतकीच निरुपयोगी आहेत. माझे म्हणणे मर्यादित आहे. युद्धकथेत आशा विजयातून येत नाही, कारण जिंकलेल्या राजालाही कुंतीचे वाक्य ऐकावे लागते. ती स्वर्गसुखातून येत नाही, कारण तेथे दुर्योधनही बसलेला असतो. ती एक रात्रीच्या दर्शनातूनही पुरती येत नाही, कारण पहाट होतेच. ती येते तेव्हा फार लहान रूपात येते: कोणी तरी थांबते, कोणी तरी नाव विचारते. आणि जी कथा एवढी लहान आशा खरी करून दाखवते, तिला आधी निराशा पूर्ण लिहावी लागते. नरकाची वाट न लिहिता झुळूक लिहिता येत नाही. मी आईचा आक्रोश दोनदा फाडला आणि सरळ स्वर्गात गेले. माझी चूक तेथे झाली.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती अद्याप निघालेली नाही. निघालीच, तर शेवटचे पान काढून टाकायचे ठरवले आहे. त्याऐवजी काय लिहावे हे त्या आजींनीच मला सांगून ठेवले आहे, असे वाटते. त्यांच्या घरी मागे गेले होते. मुलाचा फोटो भिंतीवर होता. खाली त्याची लोखंडी ट्रंक होती. "रोज पुसती," त्या म्हणाल्या, "गंज चढाया नगं." ट्रंक कोणाला लागणार होती? कोणालाच नाही. पण त्या ट्रंकेवर धूळ नव्हती.

यंदाही सासूबाई दक्षिणेकडे दिवा लावतील. चार दिवसांनंतर यम आपले काम बाजूला ठेवून बहिणीच्या दारी जाईल. कथाच आहे ती. पण ज्यांनी रचली त्यांना ठाऊक असावे, की यमालाही कोणी तरी "ये, जेवून जा" असे म्हणणारे लागते.